धावत्या गाड्यांचे सुर्वेकाका

उभ्या गाडीचा फोटो काढायचा म्हटलं की सुर्वेकाकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "उभ्या गाडीत काय बघायचं? उभं तर कपाटही असतं," म्हणायचे. तरी एखादा नवा गाडीवाला हट्टालाच पेटला, बायकोमुलांना बॉनेटला टेकवून "काढा हो आता" म्हणाला, तर काढून द्यायचे. पण तोंड असं पाडून, की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपल्या गाडीत काही खोट तर नाही ना!

बडोद्याला घडियाळी पोळ नावाच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा छोटा स्टुडिओ होता. मी तिथे काउंटरवर बसायचे आणि निगेटिव्हचं रिटचिंग करायचे. म्हणजे लोकांचे मुरमाचे डाग, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बारीक ब्रशने नाहीशी करायची. लग्न करून पुण्याहून बडोद्याला आले होते. नवरा कोयलीला रिफायनरीत, त्याच्या शिफ्ट सांभाळत शहराच्या टोकाला हरणीतल्या घरात दिवसभर भिंती बघत बसायचा मला कंटाळा आला, म्हणून ही नोकरी धरली. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "पुण्याची का? मग गिऱ्हाइकाशी जरा जपून बोल हो." मी म्हटलं, "गिऱ्हाइकाशी जपून बोलेन, तुमचं सांगता येत नाही." ते जे हसले, ते तिथेच आमचं जमलं. एरवी ते मला मंदा म्हणायचे, गिऱ्हाइकासमोर मंदाबेन.

सुर्व्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. पणजे, आजे, सगळे घोडेस्वार. "आमच्यात लोकांना स्टुलावर बसवून पोट भरणारा मी पहिला," असं काका पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या कोणालाही ऐकवायचे आणि लगेच दरडावायचे, "हलू नका!" तोच त्यांचा दिवसभराचा मंत्र. हलू नका, मान सरळ, हालशो नहीं बेन, बाळाला धरा. संध्याकाळी शटर ओढताना म्हणायचे, "मंदा, मी आयुष्यभर लोकांना हलू नका म्हणून सांगितलं. वर गेल्यावर देव मला याचा जाब विचारणार बघ."

खरा जीव होता तो पळत्या गाड्यांत. नव्वदीची सुरुवात होती. तोवर बडोद्यात गाडी म्हणजे दोन-तीनच आकार, डोळे मिटून ओळखावेत असे. मग हळूहळू रस्त्यावर नवे आकार, नवे रंग दिसायला लागले. पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहून गाड्या बघायची आणि त्या पोरांत पन्नाशीचे आमचे काका! दुकानात गिऱ्हाईक नसलं की दारात उभे राहून कॅमेरा डोळ्याला लावायचे. रोल नसायचाच त्यात. समोरून स्कूटर गेली की तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे वळायचे, रिक्षा आली की परत. समोरचा पानवाला म्हणायचा, "काका, आ शुं? कसरत?" काका म्हणायचे, "रियाज छे, भाई."

मला त्यांनी ती युक्ती समजावून सांगितली होती. पळत्या गाडीचा फोटो काढायचे दोन मार्ग. एक म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा पटकन मिटायचा. मग गाडी जिथल्या तिथे गोठते, जणू उभीच आहे. काकांना हा प्रकार मान्य नव्हता. दुसरा म्हणजे डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि तेवढ्या वेळात कॅमेरा गाडीबरोबर फिरवत राहायचा, अगदी तिच्याच वेगाने. मग गाडी स्वच्छ येते आणि मागची झाडं, खांब, माणसं पुसल्यासारखी आडवी ओढली जातात. "हात नाही फिरवायचा, कंबर फिरवायची," काका सांगायचे. "पाय जमिनीत रोवायचे. दोन-चार गाड्या नुसत्या जाऊ द्यायच्या. त्या कमरेला वेग शिकवतात. एकदा वेग कमरेत बसला, की पुढचं आपोआप होतं." त्यांचा असा पहिला फोटो मी पाहिला तेव्हा माझ्यातली रिटचिंगवाली बोलली, "अहो काका, मागचं सगळं हललंय की!" त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, ते हललं म्हणून तर गाडी चालली!"

जयंतीभाईंची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी अलकापुरीत नव्या गाड्यांचं मोठं काचेचं शोरूम काढलं होतं आणि कॅलेंडरसाठी फोटो हवा होता. काकांनी गाडी मागून घेतली, हरणीच्या पुढे हायवेवर नेली आणि सबंध सकाळभर ती इकडून तिकडे पळवली. फोटो काय आला होता म्हणून सांगू! लाल गाडी, चाकांची नुसती चक्रं झालेली, मागे सगळं हिरवं वाहून गेलेलं. जयंतीभाईंनी फोटो हातात धरला, लांब नेला, जवळ आणला. मग म्हणाले, "सुर्वेभाई, गाडी तो बहु सरस आवी. पण मारुं शोरूम क्यां?"

"पाछळ रही गयुं, शेठ," काका म्हणाले, म्हणजे मागे राहिलं. "गाडी ज एवी छे."

जयंतीभाई पोट धरधरून हसले. कॅलेंडरवर मात्र दुसऱ्याकडून काढून घेतलेला फोटो लागला. शोरूमच्या दारात उभी गाडी, तिला फुगे बांधलेले. पण काकांचा फोटो त्यांनी मोठा करून आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावला आणि तेव्हापासून दोघांची दोस्ती झाली.

त्या फोटोत गाडी चालवत होता तो अजित, काकांचा एकुलता एक मुलगा. बी.कॉम. झालेला, उंच, हसरा, आणि एका जागी म्हणून न ठरणारा. डार्करूममध्ये कोंडलं की तासाभरात बाहेर येऊन म्हणायचा, "मंदाताई, आत जीव घुसमटतो हो." पण गाडीचं चाक हातात आलं की पोरगं शांत व्हायचं. आवाजावरून गाडी ओळखायचा, वळणावर गाडी कशी घ्यायची ते बापाला समजावून सांगायचा. त्या सकाळी हायवेवर मीही होते, डबा घेऊन गेले होते. अजित गाडी आणायचा, काका कमरेतून वळायचे, आणि गाडी गेली की दोघंही एकदमच ओरडायचे, "आली!" दरवेळी कशी कळायची त्यांना कोण जाणे. दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच ते लग्न आलं. हरणीतल्याच एका सोसायटीत, गुजराती घरचं. फोटोचं काम आमच्याकडे. मुलीची पाठवणी व्हायची वेळ झाली. बायका रडताहेत, चाकाखाली ठेवायचा नारळ हातात घेऊन मामा उभा आहे, आणि फुलांनी सजवलेली गाडीच जागेवर नाही! अजित नवऱ्यामुलाकडून किल्ली मागून घेऊन गेला होता, जरा इंजिन गरम करतो म्हणून. हायवेपर्यंत जाऊन आला पठ्ठ्या. गाडी आली ती बोडकी. गुलाब नाहीत, झेंडू नाहीत, एक माळ तेवढी वायपरला लोंबत होती. आणि एकदम हशा. रडता रडता नवरीसुद्धा हसली. तिथेच मिटायचं की हो ते! पण काकांना काय झालं कोण जाणे. गळ्यातला कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला, पुढे झाले, आणि साऱ्या वऱ्हाडासमोर अजितच्या थोबाडीत मारली.

अजितने किल्ली नवऱ्यामुलाच्या हातात दिली, "सॉरी भाई" म्हणाला आणि फाटकातून चालत गेला. घरी जाऊन पिशवी भरली, आईला "येतो" म्हणाला. तो काकांच्या हयातीत परत आला नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण कोणाला ताटकळत ठेवणं मला जमत नाही.

काका दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दुकानात आले. म्हणाले, "येईल दोन दिवसांत." मग म्हणाले, "येईल दिवाळीला." दिवाळीला शेजारच्यांच्या फोनवर त्याचा फोन आला, तो आईला. पुण्यात आहे, बरा आहे, नव्या गाड्या पोचवायचं काम करतो, एवढंच. "माझ्याबद्दल विचारलं?" काकांनी शारदाकाकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही फोन घेतला असतात तर विचारलं असतं." यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं, "तो गेलाय, त्याने यावं. बापाने का पोराच्या मागे धावायचं?" असे ताठ! पण ताठ माणसाची झोप उडते ती दुसऱ्या दिवशी डोळ्यांत दिसतेच, आणि डोळ्यांखालची वर्तुळं ओळखणं हे तर माझं कामच होतं.

त्या काळी नव्या गाड्या ट्रकवर घालून नेत नसत. कारखान्यातून निघाल्या की एकेका गाडीत एकेक ड्रायव्हर बसायचा, आणि दहा-बारा गाड्यांची रांग हायवेने निघायची. सीटवरचं प्लास्टिक तसंच, काचेवर कागदी नंबर चिकटवलेला. पुण्याहून अमदाबादकडे जाणारी रांग बडोद्यावरून जायची. त्या रांगांत अजित असतो, ही बातमी जयंतीभाईंनी आणली. त्यांच्या शोरूमला गाड्या घेऊन येणारे ड्रायव्हर त्याला ओळखत होते. म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण एक विचित्र आहे, बडोद्याची गाडी घ्या म्हटलं तर घेत नाही. अमदाबादचीच घेतो. बडोद्यावरून जातो, पण थांबत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी जयंतीभाईंचा फोन आला, "सुर्वेभाई, रविवारे लाइन नीकळे छे अमदाबादनी," तर रविवारी सकाळी काकांची स्कूटर आमच्या हरणीच्या घराखाली उभी. गळ्यात कॅमेरा. "नव्या गाड्यांचे फोटो काढायला चाललोय," म्हणाले. "वेगवेगळे रंग असतात म्हणे." मी म्हटलं, "हो ना, रंगच बघायला चाललात तुम्ही!" पण चहा करून दिला. माझं तोंड कितीही चाललं, तरी तेवढं मला कळत होतं.

तिथून हायवे चालत जाण्याइतका जवळ. गाड्या अमदाबादकडे जाणार, ड्रायव्हर उजव्या हाताला बसणार, म्हणून काका रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहायचे. तिथून चेहरा दिसतो. रांग आली की दोन-चार गाड्या नुसत्या जाऊ द्यायचे, कमरेला वेग शिकवायला, आणि मग फोटो घ्यायला लागायचे. एक गाडी, खटका, रोल पुढे, दुसरी गाडी. हात केला नाही, हाक मारली नाही. कॅमेरा डोळ्यावरून एकदाही खाली आला नाही. रांग गेली, की तशाच धुळीत थोडा वेळ उभे राहून आमच्याकडे येऊन पाणी प्यायचे. मी विचारायचे, "होता?" ते म्हणायचे, "रोल धुतल्यावर कळेल."

घरी काकूंचाही प्रश्न ठरलेला. "रोल कसा झाला?" त्या विचारायच्या. मुलगा दिसला का, असं त्या बाईने कधी तोंडातून काढलं नाही. काका म्हणायचे, "बरा झालाय." मग दुसऱ्या दिवशी काकू भाजीची पिशवी घेऊन दुकानात यायच्या, जणू सहजच, आणि मी छोटी प्रिंट त्यांच्या पिशवीत सरकवायचे.

त्या प्रिंटमध्ये एक गंमत व्हायची. कसली गंमत म्हणा! रांगेतल्या इतर सगळ्या गाड्या अशा लख्ख यायच्या, की ड्रायव्हरच्या शर्टाची रेघ मोजावी. आणि अजितची गाडी तेवढी हललेली. चेहरा म्हणजे नुसता फिकट पट्टा. केस तसे, खांदे तसे, म्हणून तो आहे हे कळायचं, पण डोळे कुठे, ओठ कुठे, काही पत्ता नाही. पुढची लख्ख, मागची लख्ख, मधली गेली. प्रत्येक वेळी हेच. वर्षामागून वर्षं गेली, रांगेतल्या गाड्यांचे आकार बदलले, काकांच्या मिश्या पिकल्या, पण हे काही बदललं नाही. काका निगेटिव्ह उजेडाला धरून म्हणायचे, "माझा हात कापतो, मंदा. त्याची गाडी आली की हात कापतो." एकदा म्हणाले, "ज्या हाताने मारलं ना, तोच हा."  

मी त्या निगेटिव्ह भिंगाखाली घेऊन बसायचे. रिटचिंगने घालवता येईल असला डाग नव्हता तो, तरी बसायचे. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, आणि मी त्या खराब झालेल्या निगेटिव्ह एकीखाली एक मांडून बघत होते. गाड्यांच्या मध्ये नेहमी चांगलं मोठं अंतर असायचं, एका फोटोत एकच गाडी मावायची. पण अजितच्या प्रत्येक फोटोच्या कडेला आणखी काहीतरी होतं. मागून येणाऱ्या गाडीचं नाक. अगदी जवळ, आता धडकते की काय इतकं. एकात नाही, दोनात नाही, सगळ्यांत.

"काका," मी ओरडलेच, "इकडे या आधी. तुमचा हात नाही हो कापत!"

ते आले. मी बोट ठेवून दाखवलं. "ही मागची गाडी बघा. ही दरवेळी त्याच्या अंगावर का येते? कारण तो हळू करतो. तुम्ही दिसलात की तो गाडी हळू करतो, काका. आणि तुमची कंबर रांगेच्या वेगाने पुढे निघून जाते."

काका स्टुलावर बसले. पासपोर्टवाल्यांच्या स्टुलावर, दिवसाढवळ्या. मी त्यांना त्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ निगेटिव्ह बघत राहिले. मग म्हणाले, "दरवेळी?"

"दरवेळी."

"म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत आहे, मी तिथे असतो ते."

"माहीत नसायला काय झालं? हायवेवर कॅमेरा घेऊन उभा राहणारा दुसरा कोण शहाणा आहे?"

ते हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून पुसत म्हणाले, "आता बघ मी कसा घेतो त्याला. त्याच्या वेगाने घेतो."

पुढची रांग कधी येते असं झालं होतं त्यांना. रोज जयंतीभाईंना फोन. "अरे भाई, आवशे त्यारे कहीश ने!" आली की सांगेन ना, असं ते वैतागून म्हणेपर्यंत. रोज दुकानाच्या दारात रियाज, आता सायकलींवर. पानवाला म्हणाला, "काका, स्पीड घटी गई?" काका म्हणाले, "घटाडी छे."

शेवटी तो रविवार आला. मी त्यांच्याबरोबर गेले. हिवाळ्यातली सकाळ, ऊन कोवळं. रांग आली. काका एकाही गाडीचा फोटो घेईनात, नुसते बघत राहिले. आणि मग एक पांढरी गाडी आली, तिच्या पुढची पुढे गेली, मागची जवळ येऊन हॉर्न मारायला लागली, आणि काका वळले. सावकाश, इतके सावकाश, की गाडी सोडून मी त्यांच्याकडेच बघत राहिले, मला वाटलं हे चुकले. खटका वाजला, तेवढा क्षण कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला अंधारच. गाडी पुढे गेली. काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्करूममध्ये आम्ही दोघं. लाल दिवा, पाण्याचा थेंब थेंब आवाज. काकांनी कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. आधी चाकं आली, मग काच, मग शर्ट, आणि मग चेहरा. लख्ख. पापण्या दिसाव्यात इतका लख्ख. जरा भरलेला, कपाळ मोठं झालेलं, मिशी ठेवलेली. मागचं सगळं वाहून गेलेलं आणि मधे आमचा अजित, सरळ आमच्याकडे बघत होता. मी टाळीच वाजवणार होते. तेवढ्यात त्याचा हात वर आला कागदावर. खिडकीतून बाहेर, कोपरापर्यंत, पंजा उघडा. तो हात करत होता.

काका ट्रेवर वाकले होते, तसेच राहिले. मग म्हणाले, "त्याने हात केला."

"हो काका! केलान की!"

"आणि मी?"

मला कळेना. ते म्हणाले, "त्याला काय दिसलं, मंदा? त्याने हात केला, तेव्हा त्याला समोर काय दिसलं?"

मग मला कळलं. त्याला कॅमेरा दिसला. इतकी वर्षं तो जेव्हा जेव्हा त्या जागेवरून गेला, तेव्हा त्याला बापाचं तोंड दिसलंच नाही. दिसला तो एक काळा कॅमेरा आणि त्याच्यामागे कोणीतरी. आणि ज्या दिवशी मनाचा हिय्या करून त्याने हात बाहेर काढला, त्या दिवशीही समोरच्या माणसाने हात केला नाही. दोन्ही हात अडकलेले होते हो त्या माणसाचे. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो काढण्यात अडकलेले होते. पण गाडीतल्या पोराला ते कोण सांगणार?

काकांनी कागद उचलून पाण्यात टाकायला हवा होता, ते विसरले. माझंही लक्ष नाही. कागद ट्रेमध्येच राहिला, चेहरा काळवंडत गेला, मग हातही गेला. मी घाईघाईने दुसरा कागद काढायला लागले. काका म्हणाले, "राहू दे. काकूला तू करून दे. मला नको." आणि बाहेर जाऊन दारात उभे राहिले.

त्या दिवशी पहिल्यांदा ते मला म्हणाले, "पुढच्या वेळी कॅमेरा नेत नाही." मी म्हटलं, "नकाच नेऊ. आणि काकूंनाही घेऊन जा." काकूंनी नवी साडी काढून ठेवली, मोरपंखी. जयंतीभाईंना निरोप गेला. आम्ही वाट बघायला लागलो.

जयंतीभाईंचा फोन आला तो उन्हाळ्यात. मीच घेतला. आता रांगा बंद, म्हणाले. नव्या गाड्या आता मोठ्या ट्रेलरवर चढवून आणतात, वर चार, खाली चार. पेट्रोल वाचतं, गाडीला ओरखडा पडत नाही. आणि ते ड्रायव्हर? "ए बधा छूटा थई गया, बेन." कोणी मुंबईला टॅक्सी चालवतो, कोणी आखातात गेला. अजितचं कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीचा फोनही त्या वर्षी आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पुण्याचा पत्ता काकूंकडे होता, तिथे माझ्या भावाला पाठवलं. तिथे दुसरं बिऱ्हाड आलेलं होतं.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते एका बाळाचा फोटो काढत होते. "हलू नको, राजा," म्हणत होते. सांगून झाल्यावर त्यांनी मान हलवली, आणि त्या बाळाचा फोटो नीट काढून दिला.

पुढे रंगीत फोटो मशीनमधून तासाभरात मिळायला लागले, निगेटिव्हवर ब्रश फिरवणाऱ्या बाईची कोणाला गरज उरली नाही. मी नोकरी सोडली. घरी मुलगी लहान होती. काकांकडे जाणं कमी झालं. जाऊ जाऊ म्हणता म्हणता महिने जायचे, संसारात असंच होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते अमदाबादला जाताना. नणंदेच्या मुलाचा साखरपुडा होता. आम्ही भाड्याची गाडी केली होती, सकाळीच निघालो. मी मागे बसले होते, उजव्या खिडकीला. हायवेला लागलो, गाडीने वेग घेतला, मी मुलीच्या वेणीचा गजरा सारखा करत होते आणि सहज बाहेर बघितलं. पलीकडच्या कडेला काका उभे होते.

पांढरा बुशशर्ट. गळ्यात काही नाही. पुष्कळ वाळले होते. उजवा हात वर केलेला, पंजा उघडा. आमच्या पुढे एक जीप होती, तिला त्यांनी हात केला. जीप गेली. मग आमच्या गाडीला केला. आत कोण आहे हे त्यांना दिसलं असणं शक्य नव्हतं. चेहऱ्यावर आतुर, लाजरं असं हसू होतं, स्टेशनवर पाहुणा घ्यायला आलेल्या माणसाचं असतं तसं. इतकी वर्षं मी त्यांच्या फोटोंतून गाड्या पाहिल्या होत्या. गाडीत बसून त्यांना कधी पाहिलं नव्हतं. किती थोडा वेळ दिसतं माणूस! "काका" एवढं तोंडातून निघेपर्यंत ते मागे पडायला लागले होते.

मी काच खाली केली, अर्धी बाहेर झुकले आणि हात केला. जोरजोराने केला. त्यांना दिसला. मला त्यांनी ओळखलं नाही, पण कोणीतरी गाडीतून हात करतंय हे दिसलं, आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मी ते जन्मात विसरणार नाही. दोन पावलं ते आमच्या गाडीबरोबर पुढे आले.

"थांबव, थांबव," मी ड्रायव्हरला म्हणाले. तो म्हणाला, "बेन, पाछळ ट्रक छे, अहीं केम ऊभी राखुं?" मी मागच्या काचेकडे वळले. ट्रक आमच्या मागे होता, त्याच्यामागे आणखी गाड्या होत्या, आणि काका पुन्हा आपल्या जागेवर जाऊन ट्रकला हात करत होते.